एच-इंडेक्स १४ की २३? हिवताप संशोधिकेच्या सायटेशनचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. विभागातल्या, शहरी डासांवर काम करणाऱ्या एका ज्येष्ठ हिवताप संशोधिकेचं नाव पुरस्कारासाठी पाठवायचं आहे आणि प्रकाशनांचा व सायटेशनचा (म्हणजे इतरांनी आपल्या पेपरांत दिलेल्या संदर्भांचा) अहवाल तयार करायचं काम प्रश्नकर्त्या विद्यार्थ्याच्या गळ्यात पडलं आहे. स्कोपस या डेटाबेसमध्ये मॅडमचा एच-इंडेक्स (पेपरांना मिळालेल्या सायटेशनवरून काढलेला आकडा, हिशेब पुढे सांगते) १४ दिसतो, गूगल स्कॉलरमध्ये २३. लिहायचा कोणता? शिवाय एक उपप्रश्न आहे, आणि खरा टोचणारा तोच आहे. मलेरियावरच्या औषधासाठी नोबेल मिळालेल्या चिनी संशोधिका तू यूयू यांच्या नावाने शोधलं तर महत्त्वाचे पेपर म्हणावेत असे मोजकेच सापडतात. मग या आकड्यांचं करायचं काय?

मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात २६ वर्षं काम करते. त्यातली निम्मी तरी असेच अहवाल करण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आकड्याचं आधी सांगते. दोन्ही लिहा, आणि प्रत्येकापुढे कोणत्या डेटाबेसमधून, कोणत्या तारखेला काढला ते लिहा. दोन्ही बरोबर आहेत, मोजणी वेगवेगळ्या पेपरांची आहे एवढंच. स्कोपस निवडलेली जर्नल्स मोजतं. गूगल स्कॉलर जे सापडेल ते मोजतं: प्रबंध, अहवाल, परिषदांची टिपणं, प्रीप्रिंट, कधी तर एकच पेपर दोनदा. पण म्हणून स्कॉलरचा आकडा फुगवलेला आणि स्कोपसचा खरा असं समजू नका. हिवतापावर फिल्डवर काम करणाऱ्यांचा पुष्कळ उपयोग प्रबंधांत आणि सरकारी अहवालांतच होतो, आणि ते स्कोपसला दिसत नाहीत.

यादी मात्र हाताने साफ करा. याला पर्याय नाही. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या निवड समितीसाठी मी अशी तपासणी करत होते. उमेदवार डासांवर काम करणारे, आडनाव पाटील, आद्याक्षर एस. प्रोफाइल चांगलं भरगच्च होतं. तिसऱ्या पानावर उसाच्या पाचटापासून खत करण्याचा पेपर निघाला, त्याच्या खाली काँक्रीटच्या मजबुतीचा. कुणी लबाडी केली नव्हती. मशीनने तीन-चार पाटील एकत्र बांधून टाकले होते आणि उमेदवारांनी आपलं प्रोफाइल कधी उघडूनच पाहिलं नव्हतं. वेगळं केल्यावर निम्म्याहून कमी पेपर उरले. समितीपुढे ते बिचारे कानकोंडे झाले.

तुमच्या मॅडमच्या बाबतीत उलटं झालेलं असण्याची शक्यता जास्त. पीएचडी कोणत्या नावाने केली ते विचारा. आपल्याकडे लग्नानंतर आडनावच नव्हे तर मधलं नावही बदलतं, आणि सुरुवातीचे पेपर माहेरच्या नावावर राहतात. स्कोपस त्यांना दोन वेगळ्या बायका समजतं. दोन्ही प्रोफाइल एकत्र करण्याची विनंती ऑनलाइन करता येते, ती आजच करून ठेवा. ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे नाव बदललं तरी संशोधकाची ओळख तीच ठेवणारा क्रमांक, नसेल तर काढून घ्या. जर्नलांचीही नावं बदलतात. आपल्याकडचं ‘इंडियन जर्नल ऑफ मलेरिऑलॉजी’ २००३ पासून ‘जर्नल ऑफ व्हेक्टर बॉर्न डिसीजेस’ झालं. जुन्या नावाखालचे पेपर लोक संदर्भात कसेही लिहितात, आणि चुकीच्या लिहिलेल्या संदर्भाची सायटेशन मूळ पेपरच्या खात्यात जमा होत नाही. नव्वदच्या दशकातले पेपर असतील तर शीर्षक टाकून एकेक शोधा.

आता एच-इंडेक्स. सॅन डिएगोच्या हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो २००५ मध्ये मांडला. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि जिथवर क्रमांकाइतकी किंवा त्याहून जास्त सायटेशन आहेत तिथवर मोजायचं. समजा एकीचे पाच पेपर आहेत, सायटेशन ३०००, ४०, ४, ४ आणि २. तिचा एच-इंडेक्स ४. दुसऱ्याचे २० पेपर, प्रत्येकाला बरोबर २० सायटेशन. त्याचा २०. पहिलीच्या एका पेपरवर जग चालत असेल, पण हा आकडा तिला ४ च्या वर जाऊ देणार नाही. सातत्य मोजायला तो ठीक आहे. एखादी मोठी उडी त्याला दिसतच नाही.

तू यूयूंचं प्रकरण तर याच्याही पलीकडचं आहे. चीनमध्ये २३ मे १९६७ रोजी ‘प्रकल्प ५२३’ नावाची लष्करी मोहीम सुरू झाली. व्हिएतनामच्या जंगलात क्लोरोक्विन या नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या हिवतापावर औषध शोधायचं होतं. १९६९ मध्ये बीजिंगच्या पारंपरिक चिनी वैद्यकाच्या संस्थेत तूबाईंवर एका गटाची जबाबदारी आली. त्यांनी जुन्या पोथ्या, वैद्यांच्या मुलाखती यांतून सुमारे २००० नुस्खे गोळा केले. चिंगहाव या वनस्पतीचा अर्क कधी गुण देई, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या पोथीत त्यांना एक ओळ सापडली: मूठभर चिंगहाव पाण्यात भिजवून पिळावा आणि तो रस प्यावा. उकळण्याचा उल्लेखच नाही. म्हणजे उष्णतेने औषधच मरत असणार, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कमी तापमानाला उकळणारा ईथर वापरून अर्क काढला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांच्या हिवतापावर शंभर टक्के गुण दाखवला. गटातल्या लोकांनी, तूबाईंसकट, तो आधी स्वतः घेऊन पाहिला. १९७२ मध्ये हायनान बेटावर रुग्णांना दिला.

पेपर कधी आला? १९७७ मध्ये, चिनी भाषेत. लेखकाच्या जागी एकाही माणसाचं नाव नाही, ‘चिंगहावसू संशोधन सहकार्य गट’ एवढंच. (चिंगहावसू म्हणजे चिंगहावमधून काढलेलं ते औषध, आर्टेमिसिनिन.) १९७९ मध्ये इंग्रजीत आला तोही गटाच्याच नावाने. सांस्कृतिक क्रांती नुकतीच संपली होती, आणि तिच्या काळात व्यक्तीचं नाव मिरवणं धोक्याचं होतं. डेटाबेसचा सगळा डोलारा लेखकाच्या रकान्यावर उभा आहे आणि इथे तो रकानाच रिकामा. अशा पेपरच्या सायटेशन कुणाच्याच एच-इंडेक्समध्ये जात नाहीत. तूबाईंनी ही हकिगत एकटीच्या नावाने ‘नेचर मेडिसिन’मध्ये लिहिली ती २०११ मध्ये, लास्कर या अमेरिकेतल्या वैद्यकीय पुरस्काराच्या निमित्ताने. नमुना क्रमांक १९१ नंतर ४० वर्षांनी! आजचं सॉफ्टवेअर त्यांची कारकीर्द वाचू लागलं तर सर्वांत उठून दिसेल तो आठवणींचा लेख. शोधाचा पेपर नव्हे.

मग श्रेय ठरलं कसं? अमेरिकेतले लुई मिलर आणि शिनजुआन सू या दोन हिवताप संशोधकांनी जुने कागद चाळले, त्या काळातल्या लोकांना भेटले, कोणी काय केव्हा केलं याचा माग काढला आणि २०११ मध्ये ‘सेल’ या जर्नलमध्ये मांडला. यावर वाद आहेच. युन्नान आणि शानतुंगमधल्या गटांनीही शुद्ध स्फटिक मिळवले होते, ली क्वोच्याव यांच्या रुग्णांवरच्या चाचण्यांशिवाय औषध पुढे गेलं नसतं. पण वाद कशावरून झाला ते बघा. बैठकांची टिपणं आणि कुणी आधी दाखवलं यांवरून. सायटेशनच्या आकड्याने त्यात साक्षसुद्धा दिली नाही. २०१५ च्या नोबेलच्या वेळी चिनी वृत्तपत्रांनी तूबाईंना ‘तीन नाहीं’च्या प्राध्यापिका म्हटलं: डॉक्टरेट नाही, परदेशी शिक्षण नाही, विज्ञान अकादमीचं सदस्यत्व नाही. एच-इंडेक्स हा चौथा नकार त्यात बसला असता.

तरी याचा अर्थ सायटेशन निरुपयोगी असा घेऊ नका. तो आळशी निष्कर्ष आहे, आणि ज्यांची यादी आखूड आहे त्यांना तो फार आवडतो. तूबाई अपवाद होत्या तशी कारणं होती. आजच्या संशोधकाला गुप्त लष्करी प्रकल्पाची सबब नाही.

हिवतापाच्या क्षेत्रात सायटेशन कशामुळे मिळतात हे मात्र ओळखायला हवं. सगळ्यात जास्त मिळतात पद्धतीच्या पेपरना. १९७६ मध्ये रॉकफेलर विद्यापीठात ट्रेगर आणि जेन्सन यांनी फॅल्सिपेरम हा हिवतापाचा सर्वांत घातक परजीवी माणसाच्या रक्तपेशींत सतत वाढवून दाखवला. त्यांची मेणबत्तीची बरणी प्रसिद्ध आहे: पेटती मेणबत्ती आत ठेवून झाकण लावायचं, ती विझली की आत हवा तेवढा कमी ऑक्सिजन उरतो. त्यानंतर १९७९ मध्ये लँब्रोस आणि व्हँडरबर्ग यांचा तीन पानी पेपर आला. परजीवी वाढवले तरी ते सगळे वेगवेगळ्या वयाचे असतात, औषध कोणत्या वयाला लागू पडतं ते कळत नाही. या दोघांनी पेशी ५ टक्के सॉर्बिटॉलच्या द्रावणात थोडा वेळ ठेवल्या. मोठा परजीवी असलेल्या पेशीचं आवरण गळकं झालेलं असतं, सॉर्बिटॉल आत शिरतं, मागोमाग पाणी शिरतं आणि पेशी फुटते. कोवळ्या, अंगठीच्या आकाराच्या परजीवींच्या पेशी तशाच राहतात. नळीत उरतात ते एका वयाचे. ज्या ज्या प्रयोगशाळेत फॅल्सिपेरम वाढवतात तिथे हे आठवड्याला कुणी ना कुणी करतं, आणि पेपर लिहिताना हा संदर्भ जोडतं. हजारो सायटेशन आहेत. त्या तीन पानांत मोठा सिद्धांत शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही. उपयोग मात्र निर्विवाद आहे.

औषध-चाचण्यांचा प्रभाव मोजायची जागा वेगळी. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये गंभीर हिवतापाच्या १४६१ रुग्णांची चाचणी आली. बांगलादेश, भारत, इंडोनेशिया आणि म्यानमारमधले रुग्ण, त्यात आपल्या राउरकेलाचेही. क्विनाइन हे जुनं औषध दिलेल्यांत २२ टक्के दगावले, शिरेतून आर्टेसुनेट दिलेल्यांत १५ टक्के. आर्टेसुनेट म्हणजे तूबाईंच्या चिंगहावचंच पुढचं रूप. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आर्टेसुनेटची शिफारस केली. आफ्रिकेतल्या ५४२५ मुलांवरची चाचणी २०१० मध्ये आली, मृत्यू १०.९ टक्क्यांवरून ८.५ वर आले, आणि २०११ मध्ये मुलांसाठीही शिफारस झाली. अशा पेपरला किती सायटेशन हा दुय्यम प्रश्न. वॉर्डात रात्री दोन वाजता आर्टेसुनेटची कुपी फोडणारी नर्स कुणाला साइट करत नाही.

सायटेशन म्हणजे संमती असंही नसतं. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच एक अंदाज आला: भारतात सत्तरीच्या आत दरवर्षी सुमारे २,०५,००० माणसं हिवतापाने मरतात. जागतिक आरोग्य संघटनेचा त्या वेळचा आकडा होता सुमारे १५,०००. घरच्यांना विचारून मृत्यूचं कारण ठरवण्याची पद्धत वापरली होती. तापाने गेलेलं प्रत्येक माणूस हिवतापानेच गेलं का, यावर मोठं रण माजलं. त्या पेपरचा संदर्भ देणारे कितीतरी जण तो खोडायला देतात आणि कितीतरी जण सरकारी आकडे कसे तोकडे आहेत हे दाखवायला. मोजणीच्या यंत्राला दोन्ही सारखेच. म्हणून मॅडमचे जास्त सायटेशनचे दोन-तीन पेपर घ्या, साइट करणारे निदान वीस-वीस लेख उघडा आणि कुठल्या वाक्यात नाव आलं आहे ते वाचा. प्रस्तावनेत कंसात पाच नावांच्या माळेत आलं असेल तर ते हजेरी लावण्यासारखं. ‘यांच्या पद्धतीने आम्ही केलं’ किंवा ‘यांच्या निष्कर्षापेक्षा आमचा वेगळा आला’ असं असेल तर त्याची किंमत कितीतरी जास्त. दुपार जाते या कामात, पण अहवालात लिहिण्याजोगं सगळं त्यातूनच मिळतं.

जागतिक आकडेवारीच्या, शेकडो लेखकांच्या पेपरांपासून सावध राहा. एखाद्याचं नाव अशा दोन-तीन पेपरांत मधोमध असलं की एकूण सायटेशन आभाळाला भिडतात. ते काढून टाकू नका, पण वेगळ्या ओळीत दाखवा. समितीतल्या जाणकाराला ते दिसतंच. तुम्ही लपवलंत असं वाटू देऊ नका.

आता फिल्डवरच्या कामाबद्दल. मॅडमचं काम शहरी डासांवर आहे असं प्रश्नात म्हटलं आहे, म्हणून इथे जरा थांबते. मुंबई, पणजी अशा शहरांत हिवताप पसरवणारा डास म्हणजे ॲनोफिलीस स्टिफेन्सी. त्याला स्वच्छ पाणी लागतं. गच्चीवरची झाकण नसलेली टाकी, विहीर, बांधकामावर स्लॅबला पाणी मारून साचलेली डबकी. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावर १९११ मध्ये अहवाल दिला, गॉर्डन कोव्हेल यांनी १९२८ मध्ये दुसरा. टाक्या आणि विहिरी डासबंद करा, हे तेव्हापासूनचं सांगणं. महापालिकेचा माणूस आजही शिडी लावून टाकीत डोकावतो तो त्याच विचाराने. या अहवालांच्या सायटेशन किती, हे विचारणंच गैरलागू आहे.

गोव्यात राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेच्या पणजीच्या केंद्राने बांधकामं, मजूर आणि स्टिफेन्सी यांवर कित्येक वर्षं काम केलं. असे पेपर स्थानिक म्हणून बाजूला पडतात. मग २०१२ मध्ये हा डास आफ्रिकेत जिबूतीत सापडला, २०१६ मध्ये इथिओपियात, आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इशारा काढला. आफ्रिकेतला हिवताप आजवर मुख्यतः खेड्यांचा, तिथल्या कीटकशास्त्रज्ञांना शहरातल्या टाकीत वाढणाऱ्या डासाचा अनुभव नव्हता. तो अनुभव आपल्याकडच्या जुन्या पेपरांत होता. म्हणून मॅडमच्या पेपरांचा सायटेशनचा आलेख वर्षवार काढा. एकूण बेरीज न देता दरवर्षीचे आकडे मांडा. वीस वर्षं पडून राहिलेला एखादा पेपर २०१९ नंतर उठलेला दिसला तर तो आलेख अहवालाच्या पहिल्याच पानावर लावा आणि साइट करणारे कोणत्या देशांतले आहेत ते खाली लिहा. हे १४ किंवा २३ पेक्षा जास्त बोलेल.

याच डासाची एक गंमत सांगते. त्याचं पूर्ण शास्त्रीय नाव लिहिताना शेवटी ‘लिस्टन, १९०१’ असं जोडतात. हे ग्लेन लिस्टन, पुढे मुंबईत प्लेगवर काम केलेले. एलिचपूरला, म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरला, असताना त्यांनी वर्षभर डास पाहिले आणि १९०१ मध्ये ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये लिहिलं. आज इथिओपियातून येणाऱ्या पेपरातही त्यांचं नाव आणि साल असतं, पण खाली संदर्भयादीत लिस्टन बहुधा नसतात. डासाच्या नावाचाच भाग झाल्यावर मोजणार कोण?

रोनाल्ड रॉस यांचंही तसंच. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डासाच्या पोटाच्या भिंतीत त्यांना रंगद्रव्य असलेल्या पेशी, म्हणजे हिवतापाचे परजीवी, दिसल्या, डिसेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दोन डासांवरचा तो छोटासा पेपर आला, १९०२ मध्ये नोबेल. दोन डास! आजच्या समीक्षकाने नमुना अपुरा म्हणून परत पाठवला असता. डासांची संख्या अमुकच्या खाली नेली की हिवताप आपोआप ओसरतो, हे गणितही रॉस यांनीच मांडलं. ‘रॉस-मॅकडोनाल्ड मॉडेल’ असं लोक लिहितात आणि मूळ संदर्भ न देताच पुढे जातात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराची नोंद केली होती: गोष्ट इतकी सर्वमान्य होते की तिचा जनक संदर्भातून पुसला जातो.

तुमच्या अहवालाला हे कसं लावायचं ते सांगते. आकड्यांचा तक्ता अर्ध्या पानाच्या वर नको: दोन डेटाबेस, तारीख, एकूण पेपर, पहिल्या वा संपर्क लेखिका म्हणून किती, स्वतःच स्वतःला दिलेल्या सायटेशन वगळून किती. प्रत्येक पेपरसमोर जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर लिहायची आपल्याकडे खोड आहे, ती टाळा. तो जर्नलचा सरासरी आकडा आहे, त्यावरून एका पेपरबद्दल काही कळत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या २०१२ च्या ‘डोरा’ (DORA) या संशोधन-मूल्यमापनाच्या जाहीरनाम्यातही हेच म्हटलं आहे, समितीत कुणी विचारलं तर ते नाव सांगा. फॉर्ममध्ये रकानाच असेल तर भरा, वाद घालू नका.

त्यानंतर मॅडमना विचारून पाच पेपर निवडा. तुम्ही निवडू नका, त्यांनाच निवडू दे. माझा अनुभव असा की संशोधक आपला सर्वाधिक सायटेशनचा पेपर हमखास वगळतात. पाचही पेपरांवर आठ-दहा ओळी लिहा: प्रश्न काय होता, त्यांनी स्वतः काय केलं, पुढे कुणी वापरलं. महापालिकेच्या किंवा राज्याच्या हिवताप विभागाच्या परिपत्रकात, राष्ट्रीय कार्यक्रमाच्या मार्गदर्शिकेत त्यांच्या कामाचा वापर झाला असेल तर त्या पानाची प्रत जोडा. ही कागदपत्रं ऑनलाइन सापडतीलच असं नाही. जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन जुनी फाइल काढायला सांगा, आणि दुपारच्या जेवणाआधी जा.